अथेन्सचं घुबड ऑनलाइन घ्यायचंय, नकली कसं ओळखायचं?

मृणाल_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते. नाण्यांतलं मला काही कळत नाही, म्हणून घेण्याआधी विचारतेय.

बाबा ठाण्यात शाळेत इतिहास शिकवतात, मे महिन्यात निवृत्त होतायत. ग्रीसचा विषय निघाला की ते फळ्यावर अथेन्सच्या नाण्यावरचं घुबड काढतात. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना बाकी काही आठवत नसलं तरी ते घुबड आठवतं. तसं एखादं खरं नाणं त्यांना द्यावं असं माझ्या आणि दादाच्या मनात आहे.

सोशल मीडियावर एक विक्रेता सापडलाय. चांदीचा अथेन्सचा टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मचं नाणं), 15.9 ग्रॅम, व्यास 27 मिलिमीटर, किंमत 14,500 रुपये. सोबत ‘अस्सल असल्याचं प्रमाणपत्र’ देतो म्हणाला. आजोबांच्या संग्रहातलं आहे, अफगाणिस्तानातून आणलेलं, असं सांगतो. त्याचा फोटो इथे जोडलाय. त्यात नाणं सुंदर दिसतंय, घुबडाचं पीसन्‌पीस स्पष्ट आहे. त्याच्याच पानावर आणखी दोन घुबडं विकायला आहेत.

किंमत बरोबर आहे का? जांभळी नाक्यावर आमचे ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्याकडून तपासून घेतलं तर चालेल का? आणि परदेशातून मागवायचं झालं तर कायद्याची काही अडचण येते का?

नेरूळकर_71

घेऊ नका. खऱ्या घुबडाला लिलावात साधारण पन्नास हजारांच्या पुढे पडतात, चांगलं असेल तर लाखाच्या वर. साडेचौदा हजारांत कोणी दान करत नाही. आणि प्रमाणपत्र त्याने स्वतःच छापलेलं असणार, त्याला काय किंमत?

वागळे_टूलरूम

मृणालताई, नेरूळकरांचं उत्तर बरोबर आहे. पण तुम्ही बाबांसाठी घेताय, तर नुसतं ‘घेऊ नका’वर सोडवत नाही. जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी सगळी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला झाली. डाय, पंच, प्रेस, ओतकाम, हेच आयुष्यभर केलं. ग्रीक नाण्यांचं वेड तिथूनच लागलं. अडीच हजार वर्षांपूर्वी भिंगाशिवाय, हाताने, उलटं कोरलेल्या डायमधून, म्हणजे ठशातून, एवढी सफाई उतरवलेली पाहिली की आमच्या धंद्यातल्या माणसाची मान आपोआप लवते. म्हणूनच नकलांची मला मनापासून चीड आहे. त्या कारागिराच्या हाताची ती चोरी आहे.

नाणं कसं बनायचं ते आधी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे खरं-खोटं बघायची नजर येते. अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणीतली चांदी वितळवून ठरावीक वजनाची गोळी करायचे. ती तापवून खालच्या डायवर ठेवायची. हा डाय ऐरणीत बसवलेला असे, त्यावर अथेना देवीचं डोकं उलटं कोरलेलं. वरून घुबडाचा पंच धरायचा आणि हातोडा मारायचा. त्या घावाने चांदी सरकते. मधून बाहेर पसरते, डायच्या खोलगट भागांत घुसते, आणि सरकताना मागे खुणा ठेवते. नाण्याच्या मोकळ्या भागात, कडेकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा दिसतात, त्या याच. कडेला चिरा पडतात. ज्वारीची भाकरी थापताना पीठ कोरडं असलं की कडा फाटतात, अगदी तशा, आत निमुळत्या होत गेलेल्या. चीर खरी असेल तर तिचा तळ खोल जातो, आतले काठ खडबडीत असतात.

ओतलेल्या नाण्यात धातू सरकलेला नसतो, तो नुसता भरलेला असतो. म्हणून सगळे उठाव जरा मऊ, साबण वापरून झिजल्यासारखे दिसतात. अक्षराची भिंत पाठीवरून सरळ खाली उतरायला हवी, ती गोल होऊन उतरते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. त्याहून पक्की खूण म्हणजे कानाकोपऱ्यात, अक्षरांच्या बुडाशी, बारीक उंच दाणे. साच्याच्या प्लॅस्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तिथे धातू भरून दाणा तयार होतो. घाव घालून केलेल्या नाण्यावर असा दाणा यायला कारणच नाही. ओतकामात काम केलेल्या कोणालाही तो एका नजरेत कळतो.

नंतर कड. विक्रेते कडेचा फोटो सहसा देत नाहीत आणि मी सगळ्यात आधी तोच मागतो. दोन अर्ध्या साच्यांत ओतलं असेल तर कडेभोवती जोडाची रेघ येते, आमच्या भाषेत पार्टिंग लाईन. ती कानस मारून घालवतात, मग कानशीचे समांतर ओरखडे राहतात. धातू जिथून आत ओतला ती जागाही घासून सपाट केलेली असते. इथे एक खबरदारी घ्या: सिसिलीतल्या काही खऱ्या नाण्यांच्या कोऱ्या चकत्याच मुळात दोन भागांच्या साच्यात ओतल्या जात आणि मग ठोकल्या जात, त्यामुळे सिराक्यूजच्या अस्सल नाण्यावरही जोडाची खूण किंवा ओतल्याचं टोक सापडतं. म्हणून नुसती रेघ दिसली की खोटं असं नाही. रेघ आहे आणि वर चित्रही मऊ आहे, तर मग खोटं.

आता तुमच्या नाण्याबद्दल. अथेन्सचा टेट्राड्रॅक्म साधारण 17.2 ग्रॅमचा असतो. झिजून झिजून थोडा कमी होईल, पण घुबडाचं पीसन्‌पीस शाबूत असताना सव्वा ग्रॅम गेला कुठे? झिजलेल्या नाण्याचं वजन कमी असतं, न झिजलेल्याचं नाही. दुसरं, ही नाणी जाडजूड आणि आटोपशीर असतात, व्यास सहसा 23 ते 26 मिलिमीटर. 27 मिलिमीटर आणि वजन कमी म्हणजे पातळ चकती, पर्यटकांसाठी बनवतात तसली. तिसरं, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या नाण्यांत डाय बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा वरून कापला जातो. तुमच्या फोटोत तुरा पूर्ण, चित्र बरोबर मध्यभागी, कड गोल. असं नाणं खरं असूच शकत नाही असं नाही, पण खरं असेल तर ते लाखांत जातं, साडेचौदा हजारांत नाही.

एक काम कराच. त्याच्या पानावरची उरलेली दोन घुबडं तुमच्या घुबडाशेजारी ठेवून बघा. एका डायवरून हजारो नाणी निघत, त्यामुळे चित्र सारखं असणं गैर नाही. पण चकतीचा आकार, चित्र किती बाजूला सरकलंय, चीर कुठे, ओरखडा कुठे, हे दोन नाण्यांत कधीच जुळत नाही. प्रत्येक घाव वेगळा. ते जुळलं तर तिन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत, पुढे काही तपासायची गरज नाही.

सराफांकडे जरूर जा, पण काय करायचं आणि काय नाही ते आधी सांगून ठेवा. कसोटीच्या दगडावर घासू द्यायचं नाही, कानस लावू द्यायची नाही, आणि चकाकी आणायला चिंच-रांगोळी तर मुळीच नाही. जुन्या नाण्याची घासलेली कातडी परत येत नाही. मशीनवर टंच काढून घ्या, त्याला नाण्याला धक्का लागत नाही. पण त्या आकड्याचा अर्थ नीट लावा. चांदी आहे एवढ्याने नाणं जुनं ठरत नाही, आजची चांदीही चांदीच आहे. उलट जुन्या चांदीत थोडं शिसं, किंचित सोनं, थोडं तांबं राहिलेलं असतं, कारण शिशाच्या धातुकातून चांदी वेगळी काढायची त्या काळची पद्धतच तशी होती. मशीनने 999 दाखवलं तर मला आनंद होणार नाही, संशय येईल.

घोडबंदर_नाणेप्रेमी

काका, छान लिहिलंत. पण हल्ली ओतीव नकला कोण करतं? डाय बनवून प्रेसवर मारतात. मग तुमच्या रेषा आणि चिरा त्यातही येणारच. आणि एवढी डोकेफोड कशाला, एनजीसी ही नाणी तपासून सीलबंद करणारी कंपनी आहे, तिच्या प्लॅस्टिकच्या पेटीतलं घ्यायचं, विषय संपला.

वागळे_टूलरूम

प्रेसवर मारलेल्या नकला असतात, हे अगदी खरं. माझी सगळ्यात जास्त झोप त्याच उडवतात.

हा प्रकार नवाही नाही. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा गृहस्थ होऊन गेला, 1772 ते 1830. प्राचीन नाण्यांचे डाय तो स्वतः हाताने कोरायचा, शेकडो कोरले त्याने. नवी नाणी जुनाट दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून डबा आपल्या घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारून आणायचा, असं सांगतात. 1988 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया पोन्टिका आणि मेसेम्ब्रिया या शहरांची छोटी चांदीची नाणी ढिगाने बाजारात आली. ठोकलेलीच होती. मोठमोठ्या जाणकारांत त्यावरून वाद झाला, काहींनी अस्सल म्हणून मान्यता दिली, आणि शेवटी ती आधुनिक नकलाच निघाली. जाणकार नाणं हातात धरून फसतात, तिथे मोबाइलच्या फोटोवरून मी तुम्हाला छातीठोकपणे काय सांगणार?

पण आजचे डाय बहुधा कोरलेले नसतात, खऱ्या नाण्यावरून उतरवलेले असतात. आमच्याकडे स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनवर असं काम रोज चालायचं. त्यात दोन गोष्टी लपत नाहीत. स्पार्कने खाल्लेला पृष्ठभाग बारीक रवाळ होतो, तो पॉलिश करून गुळगुळीत करावा लागतो, आणि पॉलिश करताना बारीक रेषांची धार जाते. दुसरं, मूळ नाण्यावरचा ओरखडा, झीज, खड्डा, सगळं डायमध्ये उतरतं आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतं. म्हणून म्हणतो, जुळं शोधा. एसीसर्चसारख्या ठिकाणी जुन्या लिलावांतल्या नाण्यांचे फोटो बघायला मिळतात. तिथे त्याच प्रकारची शंभर-दोनशे नाणी पाहा. फोरम एन्शंट कॉइन्सवर लोकांनी पकडलेल्या नकलांचे फोटो साठवलेत, तेही चाळा. एकाच ठिकाणची खोक दोन नाण्यांवर दिसली की काम झालं. अलेक्झांडरची नाणी असतील तर अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचं पेल्ला नावाचं संकेतस्थळ फुकट आहे, टांकसाळीनुसार प्रकार लावलेले आहेत.

पेटीचं म्हणाल, तर पेटी उपयोगाची आहे, पण विषय तिथे संपत नाही. पेट्याही नकली येतात. पेटीवरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि तिथला फोटो समोरच्या नाण्याशी चिरेला चीर लावून जुळवायचा. नुसता नंबर सापडला म्हणून समाधान मानू नका, खरा नंबर खोट्या पेटीवर छापायला किती वेळ लागतो? आणि त्यांची हमी नेमकी कशाची आहे, प्राचीन नाण्यांसाठी काय अटी आहेत, त्या वाचूनच पैसे द्या.

कागदपत्रांवरही आंधळा विश्वास नको. ‘आजोबांचा संग्रह’ हे वाक्य तर मी रोज वाचतो. 2020 मध्ये लंडनच्या लिलावात ब्रूटसचं सोन्याचं नाणं विकलं गेलं, सीझरच्या खुनाच्या आठवणीत पाडलेलं. चाळीस लाख डॉलरच्या वर गेलं. नाणं खरं होतं, पण ते कुठून आलं याचे कागद बनावट निघाले, आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. एवढ्या मोठ्या व्यवहारात कागद खोटे निघतात, तर सोशल मीडियावरच्या रंगीत प्रमाणपत्राचं काय घेऊन बसलात. ज्याने नाणं विकलं त्यानेच सही केलेला कागद हा पुरावा नव्हे. जुन्या लिलावाच्या सूचीत त्याच नाण्याचा फोटो असेल, तर तो पुरावा.

कोपरी_शिपिंग

मृणाल, तुमच्या कायद्याच्या प्रश्नाचं मी सांगतो. मी कस्टम क्लिअरिंगच्या कचेरीत आहे.

परदेशातून नाणं मागवता येतं. टपालाने आलं तर बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टातून जातं, कुरिअरने आलं तर विमानतळावरून. ड्युटी लागते, वर कुरिअरवाल्याचे वेगळे पैसे. बिलावर नाण्याचं वर्णन, काळ आणि खरी किंमत लिहायला सांगा. काही विक्रेते स्वतःहून म्हणतात, ‘गिफ्ट, दहा डॉलर’ लिहू का? अजिबात नको. पकडलं गेलं तर माल अडकतो, आणि हरवलं तर भरपाई दहा डॉलरची.

खरी गोम पुढे आहे आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशी दुकानाने ‘पसंत नसेल तर परत करा’ असं लिहिलं असलं तरी परत पाठवणं तुमच्या हातात राहत नाही. नकली निघालं तरी ते पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. त्यामुळे ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याला ईमेलवर विचारून घ्या, की नकली ठरलं तर नाणं परत न पाठवता पैसे देणार का.

आणि देशातला विक्रेता असेल तर पुरावस्तूंच्या व्यापाराचा परवाना त्याला लागतो. परवाना आणि पक्कं बिल मागा. बहुतेक जण तिथेच गप्प होतात.

मृणाल_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. तिन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले. तिन्ही घुबडांच्या डाव्या पायाखाली कडेला एकच खाच आहे, आणि अथेनाच्या गालावर एकच तिरका ओरखडा. दादाने एक फोटो टाकून इंटरनेटवर तसाच फोटो शोधला तर तो एका जुन्या परदेशी लिलावातला निघाला, म्हणजे फोटोही त्याचा नाही!

मी त्याला कडेचा फोटो मागितला, आणि नाण्याशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून व्हिडिओ मागितला. म्हणाला, ‘मॅडम, खूप गिऱ्हाइकं आहेत, आज संध्याकाळपर्यंत यूपीआय केलं तर बारा हजारांत देतो.’ मी नाही म्हणून कळवलं.

पण बाबांना काहीतरी द्यायचंच आहे. आमचं बजेट वीस हजारांच्या आत. एवढ्यात खरं ग्रीक काही मिळेल का, की नादच सोडू?

नेरूळकर_71

छान केलंत. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करत बसावं लागलं असतं, आणि यूपीआयने गेलेला पैसा परत येणं फार कठीण. घाई करणारा विक्रेता दिसला की तिथूनच मागे फिरायचं.

वागळे_टूलरूम

नाद का सोडायचा! ताई, बजेट चांगलं आहे. उलट तुम्ही घुबडाच्या मागे नाही गेलात तर फसण्याची शक्यताही कमी होते. जगात सगळ्यात जास्त नकला कशाच्या होतात, तर ज्याला सगळे ओळखतात त्या नाण्याच्या. ग्रीसच्या एक युरोवरसुद्धा तेच घुबड आहे.

अलेक्झांडरचा ड्रॅक्म बघा. एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लिस, दुसरीकडे सिंहासनावर बसलेला झ्यूस, हातावर गरुड. वजन 4.2 ते 4.3 ग्रॅमच्या आसपास. अलेक्झांडर गेल्यावरही कितीतरी वर्षं अनेक शहरांतून ही नाणी पाडली जात होती, त्यामुळे अजून भरपूर मिळतात. आठ ते पंधरा हजारांत चांगलं नाणं येतं. इतिहासाच्या मास्तरांना शिकवायला यात घुबडापेक्षा कमी काही नाही.

पण मला विचाराल तर बाबांसाठी मी अपोलोडोटसचा चौकोनी ड्रॅक्म घेईन. इंडो-ग्रीक राजा, म्हणजे भारताच्या वायव्येला राज्य केलेला ग्रीक, ख्रिस्तपूर्व दुसरं शतक. एका बाजूला हत्ती आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आणि खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतली अक्षरं. 2.4 ग्रॅमच्या आसपासचा चांदीचा चौकोन, नखाएवढा. हातात घेतला की ग्रीस आणि आपण एकाच तुकड्यावर भेटतो. आणि हे सांगताना मला खरंच आनंद होतो, की पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय, भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडरचे जुने ड्रॅक्म तेव्हाही चालत होते. त्याच वर्णनात आपल्या कल्याणचं नाव आहे. ठाण्याच्या शाळेतल्या मास्तरांना याहून जवळचं ग्रीक नाणं कुठलं सापडणार? मिनँडरचं घेतलंत तरी चालेल, मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा तो हाच. किंमतही आवाक्यातली असते, पाच-दहा हजारांत चांगली मिळतात.

इंडो-ग्रीक नाण्यांच्याही नकला आहेत, भरपूर आहेत, तेव्हा नजर तीच ठेवायची. इथे माझी एक युक्ती: दोन्ही बाजूंची अक्षरं वाचायला शिका. फार नाही, राजाचं नाव आणि पदवी एवढीच. मिनँडरच्या नाण्यावर खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असतं, उजवीकडून डावीकडे. नक्कल करणाऱ्याला खरोष्ठी येत नसते. त्याच्या हातून अक्षराचा पाय गळतो, कुठे वळण उलटं होतं. ग्रीक बाजू तो निभावून नेतो, खरोष्ठीत अडकतो. खऱ्यावरून उतरवलेल्या डायला हे लागू होत नाही, पण हाताने कोरलेल्या नकला इथेच उघड्या पडतात.

कुठून घ्यायचं? व्हीकॉइन्स, एमए-शॉप्स अशा ठिकाणी दुकानदारांना निवडून घेतात, आणि ‘अस्सल आहे’ याची हमी लेखी असते. मुदतीशिवाय हमी देणारा दुकानदार शोधा. नकली कधीही ठरलं, पाच वर्षांनी ठरलं, तरी पैसे परत. कोपरीकरांनी सांगितलेला प्रश्न मात्र आधी विचारायला विसरू नका. तो मुद्दा फार मोलाचा आहे, मी स्वतः प्रत्येक वेळी तो ईमेल पाठवतो आणि उत्तर छापून नाण्याबरोबर ठेवतो. किंवा मग मुंबईतल्या परवानाधारक लिलावात घ्या. लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात. भिंग घेऊन जा, हातात घेऊन बघा, परत पाठवायचा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर पहिलं नाणं असंच घ्यावं.

त्याआधी एक रविवार काढा आणि बाबांना न सांगता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांच्या दालनात जाऊन या. खऱ्या नाण्याची कड, चांदीचा रंग, उठाव, हे एकदा डोळ्यांत बसलं की फोटोतला मऊपणा आपोआप खटकायला लागतो. शंका उरलीच तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे या विषयाला वाहून घेतलेली माणसं आहेत.

मृणाल_ऐरोली

अपोलोडोटस! हत्ती आणि बैल, बाबांना वेड लागेल. लिलावातच बघू असं दादाशी ठरलं. काका, एक शेवटचं विचारते. नाणं घरी आल्यावर काही तपासण्या स्वतः करता येतील का? आणि ठेवायचं कशात?

वागळे_टूलरूम

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, सीलबंद पाकिटापासून नाणं वजनकाट्यावर ठेवेपर्यंत, मध्ये न थांबवता. त्याच वेळी चिरा आणि खुणा लिलावाच्या फोटोशी जुळवा, म्हणजे जे विकत घेतलं तेच हातात आलंय हे कळतं.

मग घनता. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. आधी नाण्याचं कोरडं वजन घ्या. नंतर काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका, दोरा हातात धरून ठेवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीची घनता 10.49. समजा 17.20 ग्रॅमच्या टेट्राड्रॅक्मने 1.65 दाखवलं, तर उत्तर 10.42, म्हणजे चांगली चांदी. तांबं-निकेलचं असतं तर तोच आकडा 1.93 च्या आसपास आला असता. नाण्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने हलकेच झटकून घ्या, नाहीतर उत्तर चुकतं. तुमचा ड्रॅक्म छोटा आहे, पाण्यातला आकडा 0.23च्या आसपास येईल आणि काट्याच्या शेवटच्या अंकाने उत्तर बरंच हलेल. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

घनता कमी आली तर लगेच आजची नक्कल म्हणू नका. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा, असली नाणी प्राचीन काळीही होती. खुद्द अथेन्सने ख्रिस्तपूर्व 406च्या सुमारास युद्धाच्या तंगीत चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली होती. ख्रिस्तपूर्व 375-374चा तिथला एक कायदा दगडावर कोरलेला सापडलाय. त्यात बाजारात बसणारा सरकारी परीक्षक नेमलेला आहे, आणि आत तांबं किंवा शिसं निघालं तर त्याने ते नाणं तिथल्या तिथे कापून टाकायचं असा हुकूम आहे. खऱ्या घुबडांवर छिन्नीचे खोल घाव दिसतात ते असल्या तपासणीचे. लोक त्यांना खराबी समजून नाकारतात, मला मात्र असं घाव घातलेलं नाणं फार आवडतं, कारण घावाच्या आत जुनी, रवाळ झालेली चांदी दिसते आणि ती नकलेत आणणं महाकठीण.

ठेवायचं म्हणाल तर साध्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते काही वर्षांत चिकट हिरवं होऊन नाण्याला लागतं. मायलरच्या (पारदर्शक फिल्मच्या) खिडकीची पुठ्ठ्याची चौकट घ्या किंवा अॅक्रिलिकची डबी. नाणं कडेने धरायचं, पुसायचं नाही. बिल, लिलावाची सूची, परवान्याचा नंबर, ईमेल, सगळं एका फाइलमध्ये त्याच्यासोबत ठेवा. आणि लिलावाची सूची आली की तुम्हाला आवडलेल्या नाण्यांचे नंबर इथे टाका, दोन्ही बाजूंची अक्षरं मी वाचून देतो.